सांडशी दरवेळी खांद्यातच का तुटते? पॉवर हॅमर नसताना लोहारकामाची हत्यारं घडवताना येणारी अडचण

मृग निघायच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. वखराच्या पासा, फाळ, कुऱ्हाडी, कुदळी शेवटायला (तापवून, ठोकून पुन्हा धार काढायला) ढिगानं येऊन पडतात आणि प्रत्येकाला आपलं काम उद्या सकाळी हवं असतं. दोन वर्षांपूर्वी अशाच गर्दीत एका आठवड्यात माझ्या तापलं लोखंड धरायच्या दोन सांडशा तुटल्या. दोन्ही मीच घडवलेल्या, दोन्ही वर्षभराच्या आतल्या. दुसरी तुटली तेव्हा लालभडक पास माझ्या पायापासून वीतभर अंतरावर पडली. त्या दिवशी काम थांबवून मी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले आणि पहिल्यांदाच नीट बघितले.

दोन्ही एकाच जागी तुटल्या होत्या. सांडशीचा जबडा संपतो आणि रिव्हेट बसते ती चपटी जागा सुरू होते, तिथं एक पायरी असते. तिला आम्ही खांदा म्हणतो. तुटतं ते तिथंच. त्यानंतर हातानं काम शिकणाऱ्या चार-पाच पोरांनी मला अगदी असाच तुटका खांदा आणून दाखवला. कुणी म्हणतं लोखंड खराब, कुणी म्हणतं रिव्हेट घट्ट झाली होती. बरेच जण तिथं वेल्डिंग मारून काम पुढं ढकलतात. मीही मारलं होतं. वेल्डिंगच्या बाजूलाच महिन्याभरात पुन्हा चीर आली.

आधी तुटलेली जागा वाचा

तुकडा फेकायच्या आधी उजेडात धरा. तुटल्या जागेचा रंग आणि पोत यावरून निम्मं निदान होतं.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. तुटल्या तोंडाचा काही भाग काळसर, राखाडी, भट्टीतल्या खपलीसारखा असतो आणि उरलेला भाग स्वच्छ, चकचकीत असतो. काळा भाग म्हणजे जुनी चीर. ती सांडशी घडवतानाच पडलेली असते, पुढच्या तावात (म्हणजे पुन्हा तापवताना) आगीची हवा आत गेली आणि चिरेच्या भिंती काळ्या झाल्या. चकचकीत भाग तेवढा आज तुटला. म्हणजे तुम्ही वर्षभर अर्ध्या जाडीच्या सांडशीनं काम करत होता. माझ्या दोन्ही तुकड्यांत नखाच्या चंद्रासारखी काळी कड होती, आतल्या कोपऱ्यापासून सुरू होऊन जवळपास निम्म्यापर्यंत गेलेली.

दुसऱ्या प्रकारात काळं काहीच नाही. सगळं तोंड चमचम करतं, खडीसाखर फोडल्यासारखे दाणे दिसतात आणि वाकल्याची खूण कुठंही नसते. खडकन मोडलेलं असतं. हे लोखंड एकतर फार तापून त्याचा दाणा मोठा झालेला असतो, नाहीतर नकळत त्याला पाणी बसलेलं असतं, म्हणजे लाल असताना पाण्यात बुडून ते कडक आणि ठिसूळ झालेलं असतं. कधी कधी दोन्ही.

तिसऱ्या प्रकारात तुकडा आधी वाकलेला, ताणलेला आणि मग फाटलेला दिसतो. इथं लोखंड चांगलं आहे, जागा बारीक पडली आहे. खांद्यापाशी १० मिमीपेक्षा कमी जाडी ठेवली, किंवा २२ मिमी रुंदीच्या चपट्या जागेत १२-१३ मिमीचं भोक पाडलं, की असं होतं. भोक १० मिमीच्या आतच ठेवा आणि जबड्याच्या मुळाशी लोखंड राखा. जबडा बारीक करायचा तो टोकाकडं.

तिसऱ्याबद्दल एवढं पुरे. पहिल्या दोनांवर मला सविस्तर बोलायचं आहे.

दुसरं माणूस कुठं गेलं

पॉवर हॅमर, म्हणजे यंत्रानं चालणारा घण, माझ्या आजोबांकडं नव्हता, वडिलांकडंही नव्हता. तरी त्यांच्या सांडशा अजून माझ्या भिंतीला टांगलेल्या आहेत आणि खांडेनवमीला त्यांची पूजा होते. त्यांच्याकडं होतं ते दुसरं माणूस. आमच्या घरी घण आई मारायची. वडील एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात लहान हातोडा घेऊन बसायचे. लहान हातोडा जिथं टकटक करी तिथं आईचा चार किलोचा घण पडायचा. वडिलांनी हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला की घण थांबायचा. बोलणं नसायचंच. गावोगाव गाड्या घेऊन फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबांत आजही हेच दिसतं: पुरुष ऐरणीवर बसलेला, बाई उभी राहून घण मारते आणि एका तावात कुऱ्हाडीचं पातं उतरतं.

आता आम्ही बरेच जण एकटे काम करतो. हातात सव्वा ते दीड किलोचा हातोडा आणि समोर पुस्तकात किंवा व्हिडिओत बघितलेला २५ मिमीचा चौरस बार. त्या व्हिडिओतल्या माणसाच्या मागं पॉवर हॅमर उभा असतो. हलक्या हातोड्यानं जाड बार ठोकला की दोन गोष्टी होतात. वरचं लोखंड सरकतं आणि गाभा जागच्या जागी राहतो. टोकाला माशाच्या तोंडासारखी खोबण पडते ती यामुळंच. आणि एका तावात काम पुरं होत नाही म्हणून माणूस लाल उतरल्यावरही आणखी दहा ठोके मारून घेतो. कोळसा वाचेल, वेळ वाचेल असं वाटतं. ते दहा ठोकेच खांद्यात चीर पाडतात.

साधं लोखंड घडवायला लिंबासारख्या पिवळ्या रंगावर घ्यायचं, म्हणजे साधारण ११५० ते १२०० अंश सेल्सिअस. ते गर्द लाल झालं, ८५० च्या आसपास आलं, की हातोडा खाली ठेवायचा. कमानपाट्याचं (गाडीच्या पट्टीच्या स्प्रिंगचं) लोखंड इतकं पिवळं करायचं नाही, नारिंगी-पिवळं, १०५० ते ११०० पुरे. थांबायचं तिथंही ८५० लाच. काळं पडल्यावर, हात भाजेल पण डोळ्याला रंग दिसणार नाही अशा २००-३०० अंशांच्या अवस्थेत लोखंड सगळ्यात दगाबाज असतं. थंडपेक्षाही ठिसूळ. ‘जरासं सरळ करून घेतो’ म्हणून मारलेला शेवटचा ठोका नेमका त्याच वेळी पडतो.

उन्हात रंग खोटा दिसतो

हे आपल्या भागातलं खास दुखणं आहे आणि यावर कुणी बोलत नाही. आमचं दुकान मराठवाड्यात, औंढा-जिंतूर रस्त्याला, लिंबाखाली, तीन बाजूंनी उघडं. एप्रिल-मेत पारा ४२ वर जातो आणि दुपारी सगळीकडून उजेड अंगावर येतो. सावलीत जे लोखंड झगझगीत नारिंगी दिसतं, तेच उन्हात मळकट लाल वाटतं. मग आपण म्हणतो, अजून तापलं नाही. भाता चालूच ठेवतो. फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या उडायला लागतात तेव्हा लोखंड जळायला लागलेलं असतं. जळलेलं लोखंड परत दुरुस्त होत नाही, तो भाग तोडूनच टाकावा लागतो. जळण्याच्या थोडं अलीकडं थांबलं तरी दाणा मोठा होतो आणि वर सांगितलेला खडीसाखरेसारखा तुटका भाग मिळतो.

उलटही होतं. ज्याला उन्हात लालसर छटा दिसायची सवय झाली, तो ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी तेवढाच रंग बघून थंड लोखंड ठोकतो.

मी भट्टीच्या तीन बाजूंना गोणपाट टांगलं आणि हत्यारं घडवायचं काम फक्त सकाळी सहा ते नऊ ठेवलं. शेवटायचं काम दिवसभर चालतं, पण सांडशी, सुंबा (भोक पाडायचं हत्यार), छन्नी, हातोडा यांना दुपारी हात लावत नाही. एवढ्या एका बदलानं माझं निम्मं नुकसान थांबलं. ज्यांना सावली करणं शक्य नाही त्यांनी एक जुना डबा आडवा ठेवावा आणि लोखंड क्षणभर त्याच्या तोंडात धरून रंग बघावा.

भट्टीची रचनाही तपासा. बाभळीचा लोणारी कोळसा स्वच्छ जळतो, पण भराभर संपतो. वणी-चंद्रपूरकडचा दगडी कोळसा वापरत असाल तर कच्च्या, धुरकट कोळशात लोखंड खुपसू नका. आधी धूर पूर्ण जाऊ द्या, मग मध्यभागी ओढा. कोळशातलं गंधक तापलेल्या लोखंडात शिरलं की ते लाल असतानाच चिरतं. दर तासाला तळाचं कीट काढा. आणि विजेच्या पंख्यावर विसंबू नका. निम्म्या तावात लाइट गेली की लोखंड ना धड गरम ना धड थंड. मी हाताचा पंखा बाजूला जोडूनच ठेवतो.

कोणतं लोखंड घेतलं

सांडशीसाठी साधं लोखंड घ्या, दुकानात एमएस म्हणून मिळतं ते. वाकलं तर परत सरळ करता येतं. सांडशीला कडकपणा लागतच नाही.

पोरं दोन चुका करतात. पहिली म्हणजे बांधकामातली सळई. जालन्याच्या गिरण्यांमुळं टीएमटी सळई आपल्याकडं कुठंही मिळते, तुकडे तर फुकटात. पण तिच्या अंगावरच्या उभ्या-आडव्या रेघा ठोकताना आत दुमडतात. दुमडलेली प्रत्येक रेघ म्हणजे तयार चीर, कारण दुमडलेल्या जागी मध्ये खपली अडकते आणि लोखंड एकजीव होत नाही. सळईच्या बाहेरच्या थराला कारखान्यात पाण्याचा मारा करून कडक केलेलं असतं. भट्टीत गेल्यावर तो कडकपणा उरत नाही, त्यामुळं ‘टीएमटी मजबूत असते’ हा हिशोब इथं चालत नाही. दांड्यांना वापरायचीच असेल तर आधी ग्राइंडरनं रेघा पूर्ण उतरवा. जबड्याला आणि खांद्याला नकोच.

दुसरी चूक कमानपाट्याची. कमानपाटा सुंब्याला, छन्नीला सोन्यासारखा, पण सांडशीला धोक्याचा. काम करता करता जबडा लाल होतो, माणूस सवयीनं सांडशी पाण्यात बुडवतो आणि कमानपाट्याला पाणी बसतं. पुढच्या ठोक्याला काचेसारखा तुकडा उडतो. तुमच्याकडं अशी सांडशी असेल तर ती वापरायची बंद करा असं मी म्हणणार नाही, पण तिचा जबडा लाल झाल्यावर पाण्यात घालू नका. हवेत गार होऊ द्या.

भंगारातल्या अनोळखी तुकड्याची परीक्षा सोपी आहे. बोटभर तुकडा तोडा, चुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवा (लोखंड साधारण ७७० अंशांना चुंबकाला सोडतं), त्याहून एक छटा उजळ करा आणि पाण्यात घाला. गार झाल्यावर कानस घासा. कानस धरली तर साधं लोखंड. कानस काचेवर घसरावी तशी घसरली तर त्यात कार्बन भरपूर आहे, त्याचा सुंबा करा. मग तोच तुकडा फडक्यात गुंडाळून शिकंज्यात मोडा आणि दाणा बघा. बारीक, मखमली, राखाडी दाणा म्हणजे ताव बरोबर होता.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पट्टी भट्टीत घालू नका, तो पांढरा धूर छातीत जातो आणि ताप आणतो. गाडीचा बंद शॉक अ‍ॅब्सॉर्बरही कधी तापवू नका. तो फुटतो.

एकट्यानं घडवायचं तर बारीक बारपासून

आता मुख्य दुरुस्ती. २५ मिमीच्या चौरस बारचं छेदक्षेत्र ६२५ चौरस मिमी. सांडशीचा दांडा १० मिमी गोल हवा, त्याचं क्षेत्र ७८ च्या आसपास. म्हणजे लोखंड आठपट लांबवायचं. दुसरं माणूस आणि घण असेल तर हे होतं. एकट्यानं करायला गेलात की वीस-पंचवीस ताव, आणि प्रत्येक तावाच्या शेवटी ते थंड ठोके.

१६ मिमीचा चौरस बार घ्या. क्षेत्र २५६, लांबवायचं सव्वातीनपट. ४० सेंमीच्या दांड्याला फक्त १२ सेंमी बार लागतो. रिव्हेटची जागा १६ वरून १० मिमी जाडीला चपटी केली की २२-२४ मिमी रुंद होते आणि शेतीच्या रोजच्या कामाला ती पुरते. पहिली सांडशी करताना धरायला सांडशी नसते, म्हणून बार दोन-अडीच फूट लांब ठेवा आणि दुसरं टोक हातात धरा.

ऐरणीची कड आधी बघा. माझी ऐरण म्हणजे रुळाचा तुकडा, बिल घेऊन भंगारवाल्याकडून आणलेला. (बिलाशिवाय रूळ घेऊ नका. रेल्वेच्या मालमत्तेबद्दलचा १९६६ चा कायदा कडक आहे.) हा रूळ मी बाभळीच्या ओंडक्यात उभा रोवला आहे. आडवा ठेवला तर खालची पोकळ बाजू ठोक्याबरोबर लवते. उभ्या रुळात सगळं वजन ठोक्याच्या खाली येतं आणि हलक्या हातोड्याचं काम वाया जात नाही. वरचं तोंड लहान असतं, पण आपल्याला एका वेळी दोन बोटं लोखंडच ठोकायचं आहे.

त्या रुळाची कापलेली कड सुरीसारखी होती. माझ्या काळ्या चंद्राचं मूळ तिथंच सापडलं. धारदार कडेवर खांदा पाडला की आतल्या कोपऱ्यात खाच पडते आणि पुढचा प्रत्येक ताण त्या खाचेत गोळा होतो. ग्राइंडरनं एका बाजूची कड ५-६ मिमी गोल करा, दुसऱ्या बाजूची ३ मिमी. बोट फिरवलं तर टोचता कामा नये. हातोड्याच्या तोंडाची कडही अशीच मारून घ्या.

आता खांदा. टोकाचा आठ सेंमी भाग पिवळा करा. नुसता वरून पिवळा दिसला म्हणून काढू नका, गाभ्यापर्यंत ताव पोचायला भाता मंद करून मिनिटभर थांबा. टोकाचा साडेतीन सेंमी भाग ऐरणीच्या जवळच्या कडेवर ठेवा आणि हातोडा असा मारा की त्याचं निम्मं तोंड ऐरणीवर, निम्मं बाहेर. चार-पाच जोरदार ठोक्यांत जबडा १२ मिमीवर येतो आणि पहिला खांदा उभा राहतो. पुन्हा ताव. बार पाव वळण डावीकडं फिरवा, जबडा पलीकडच्या कडेबाहेर लटकू द्या, बार कडेशी तिरका, ४५ अंशांत धरा आणि रिव्हेटची जागा चपटी करा. तिसऱ्या तावाला पुन्हा पाव वळण त्याच दिशेनं, ती चपटी जागा कडेबाहेर काढा आणि तिच्या मागं ठोकून दांड्याची सुरुवात करा.

इथं तीन गोष्टी सांभाळा. दुसऱ्या ठोक्याला बार तसूभर जरी सरकला तर जुन्या पायरीवर नवी पायरी चढते आणि मध्ये दुमड अडकते. म्हणून पहिला ठोका हलका, जागा बसवण्यापुरता, मग जोराचे. दुमड दिसलीच तर तिच्यावर ठोकून ती बुजवू नका. ती बुजत नाही, झाकली जाते. लोखंड गार करा, गोल कानशीनं दुमड पूर्ण निघेपर्यंत घासा आणि मग पुढं जा. आणि सांडशीचे दोन्ही भाग हुबेहूब एकसारखे करायचे, दोन्ही वळणं डावीकडंच. डावा-उजवा असे जोडीनं केले तर ते एकमेकांवर बसत नाहीत. मग माणूस थंड लोखंड पिळून बसवायला जातो आणि खांद्यात चीर पाडून घेतो. मी पहिल्या दोन वर्षांत हे किती वेळा केलं असेल!

दांडा लांबवताना चौरसाचा चौरसच ठेवून बारीक करा, मग कोपरे मारून अठपैलू, मग गोल. सुरुवातीपासून गोल ठोकत गेलात तर गाभ्यात उभी भेग पडते, बाहेरून दिसतही नाही. सपाट ऐरणीवर ठोकलं की लोखंड लांबीला आणि रुंदीला दोन्हीकडं पळतं, निम्मी मेहनत वाया. ऐरणीच्या शिंगावर किंवा रुळाच्या गोल केलेल्या कडेवर ठेवून ठोका, किंवा हातोड्याच्या चोचीनं आडव्या खुणा पाडत जा. लोखंड लांबीलाच जातं. नंतर सपाट तोंडानं त्या खुणा बसवा. माशाचं तोंड पडू नये म्हणून सगळ्यात आधी टोकाच्या चारही कडा तिरप्या मारून घ्या.

दुसऱ्या माणसाची उणीव काही अंशी भरून काढणारं एक साधन मी कमानपाट्याच्या लांब पट्टीतून केलं. पट्टी इंग्रजी यू सारखी वाकवली आणि दोन्ही टोकांना १६ मिमी गोल सळ्या आडव्या बसवल्या, समोरासमोर. यू चा मागचा भाग ऐरणीच्या ओंडक्याला अडकवायचा, तापलेला बार दोन सळ्यांच्या मध्ये ठेवायचा आणि वरच्या सळईवर दोन्ही हातांनी घण मारायचा. वर-खाली एकाच वेळी गोल खाच पडते, खांद्याची जागा आधीच ठरते आणि आतला कोपरा आपोआप गोल राहतो. बारचं लांब टोक तिकाटण्यावर टेकवा म्हणजे हात मोकळे राहतात.

तरीही जाड काम येतंच. हातोड्याचं डोकं करायला ४० मिमीचा बार लागतो आणि त्यात भोक पाडणं एकट्याचं काम नाही. अशी कामं मी साठवून ठेवतो आणि महिन्यातून एका सकाळी माझा चुलतभाऊ घण घेऊन उभा राहतो. तीन तासांत सगळे जाड ताव उरकतो. त्याला घण मारता येत नव्हता, शिकायला दोन रविवार लागले. पत्नीनंही शिकून घेतला आहे. मला हे यंत्र घेण्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, आणि आई हे बघायला असती तर तिला बरं वाटलं असतं.

बाकीच्या हत्यारांत हाच दोष वेगळ्या रूपात

सुंब्याचं टोक फुगतं, भोकात अडकतं. कारण तो तापलेल्या लोखंडात फार वेळ राहतो. तीन-चार ठोके, बाहेर, पाण्यात, भोकात चिमूटभर कोळशाची भुकटी, पुन्हा आत. टोक लाल व्हायच्या आधीच बाहेर यायला हवं. लाल झालेला कमानपाट्याचा सुंबा पाण्यात घातला तर टोक चिरतं. गरम कामाच्या सुंब्याला पाणी द्यायची गरज नाही, लाल करून हवेत गार केला तरी चालतो. खालच्या बाजूनं गर्द गोल डाग दिसला की बार उलटा करून त्या डागावरून पाडा, आतली टिकली सुटून पडते. हातोड्याच्या भोकातही हेच करायचं, आणि दोन्ही बाजूंची मधली रेघ आधी थंडपणी छन्नीनं आखून घ्यायची. रेघ लालीतही दिसते.

थंड कामाच्या छन्नीची धार उडते किंवा मुडपते. मुडपली तर पाणी कमी, उडाली तर जास्त. कमानपाट्याला पाण्यात घालू नका, तेलात घाला. करडीचं, शेंगदाण्याचं, कुठलंही खायचं तेल चालतं, हाताला कोमट लागेल इतकं गरम करून. जाळ लागला तर झाकायला डब्याचं झाकण जवळ ठेवा. टोकाचा दोन बोटं भाग बुडवा, पॉलिश कागदानं घासून चकचकीत करा आणि मागच्या उष्णतेनं रंग पुढं सरकताना बघा: आधी गव्हाच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा धारेपर्यंत आला, म्हणजे साधारण २८० अंश, की पूर्ण बुडवा. थंड लोखंड तोडायच्या छन्नीचा कोन ६० अंश, गरम तोडायच्या छन्नीचा ३०. जिच्यावर हातोडा पडतो ते वरचं टोक मऊच ठेवा आणि तिथं छत्रीसारख्या कडा आल्या की लगेच घासून काढा. त्या कडेचा तुकडा उडून डोळ्यात जातो. चष्म्याशिवाय हे काम करू नका.

नवी सांडशी वापरात घ्यायच्या आधी

रिव्हेट लाल करून बसवा आणि लाल असतानाच दांडे दहा-बारा वेळा उघडझाप करा. मग पूर्ण सांडशी खांद्यापर्यंत एकसारखी लाल करून राखेत गार होऊ द्या. ठोकताना आत राहिलेला ताण निघून जातो.

गार झाल्यावर खांदा तारेच्या ब्रशनं स्वच्छ घासा आणि त्यावर डिझेल लावा. पूर्वी रॉकेल लावत. पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं खसखसून पुसा आणि खडूची भुकटी चोळा. चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते.

यंदा मृगाआधी मी सहा सांडशा केल्या आणि सगळ्यांना खडू लावला. पाच कोऱ्या निघाल्या. सहावीच्या आतल्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी रेघ आली. तो खांदा मी एका दुपारी, गोणपाट न टाकता, घाईत पाडला होता. रेघ पूर्ण जाईपर्यंत गोल कानशीनं घासलं तर तिथं जाडी साडेसात मिमी उरली. ती सांडशी मी कामाला ठेवली नाही. रिव्हेट तोडून जबडे खांद्यापासून छाटून टाकले आणि दोन्ही दांडे पुढच्या जोडीला लावायला बाजूला ठेवले आहेत.